दार लावून विचारलेले प्रश्न

नागपूर,
१२ डिसेंबर १९८५

ती. दादांस,
विजूचा शि. सा. न. वि. वि.

संत्र्यांची पेटी पोचली. वरचा थर बघून वाटलं, दादा रिटायर झाल्यावर उदार झाले; दुसऱ्या थरापासून नेहमीचे दादा दिसू लागले. तरी वॉर्डातल्या नर्सेसनी एक फळ शिल्लक ठेवलं नाही, तेव्हा वहिनींना सांगा की फार नावाजली.

आता कामाचं. छिंदवाड्याच्या कोर्टातून मला पत्र आलं आहे. सहा वर्षांची एक मुलगी आहे, अंजू. आई-बाप वेगळे राहतात आणि मुलगी दोघांनाही हवी आहे. दोघांचीही मानसिक तपासणी करून, मुलगी कुणाजवळ बरी राहील ते लेखी कळवा, असं जज्जसाहेबांनी म्हटलं आहे. जिल्ह्यात या कामाचं माणूस नाही, आणि दोन्हीकडची माणसं मराठी बोलणारी, म्हणून माझ्या गळ्यात हे घोंगडं आलं. बारा वर्षं इस्पितळात माणसं तपासते आहे, पण तिथला माणूस बरा व्हायला येतो. इथे दोघंही जिंकायला येणार. मला आतापासूनच थकवा आला आहे.

बाप म्हणजे लोधीखेड्याचा गजानन, तुमच्या नत्थूजींचा मुलगा. आई उषा, पांढुर्ण्याला भावाकडे राहते, बालवाडीत शिकवते. म्हणून आधीच सांगून ठेवते: मी २७ तारखेला येईन, पण घरी उतरणार नाही. रेस्ट हाऊसला राहीन. नत्थूजी तुमच्या ओसरीवर बसून चहा प्यायलेले आहेत, आणि त्याच ओसरीवरून उठून मी त्यांच्या सुनेची तपासणी करायला गेले तर ते दिसायलाही वाईट आणि असायलाही वाईट. गजाननबद्दल मला एक अक्षर कळवू नका. वहिनींची समजूत काढायचं काम तुमच्याकडे.

दोघांच्या प्रकृती जपा, आणि रागावलात तरी पत्र लिहायचं थांबवू नका.

आपली,
विजू

०

सौंसर,
१७ डिसेंबर १९८५

चि. विजूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून वच्छला दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही, जणू रेस्ट हाऊस मीच बांधलं. सख्ख्या भावाचं घर पाच मिनिटांवर असताना पोरगी चौकीदाराच्या हातचं खाणार, गाव काय म्हणेल, असा तिचा मुद्दा. मी सांगितलं की गाव म्हणेल, विजू शहाणी आहे. त्यावर ती म्हणाली, गाव असं कधीच म्हणत नसते. हे मात्र खरं आहे.

गजाननबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या खोडल्या. कागद उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस, चांगल्या गडद खोडल्या आहेत. तीस वर्षं या कोर्टात रीडर होतो, जज्जाच्या पायाशी बसून कागद पुढे सरकवायचे एवढंच काम केलं, त्यामुळे तोंड बंद ठेवणं मला जमतं.

एक गोष्ट कायद्याची आहे, पक्षाची नाही, म्हणून सांगतो. मुलगी पाचाच्या आत असती तर आईचं काम बरंच सोपं होतं. आता ती सहाची आहे. म्हणजे कोर्टाला कुठेतरी टेकायला आधार हवा, आणि तो तुझा कागद असेल. इथले वकील साक्षीदारांचं खरं कुणी मानत नाही हे जाणून असतात, पण नागपूरच्या मॅडमने छापील फॉर्मवर लिहिलं तर ते सगळेच मानतात. सांभाळून लिही.

थंडी फार आहे, रेस्ट हाऊसच्या ब्लँकेटवर विसंबू नकोस. चौकीदार रामाजी आपल्या ओळखीचा आहे, पण मी त्याला काही सांगणार नाही, एवढ्यावर समाधान मान.

तुझा,
दादा

०

नागपूर,
३० डिसेंबर १९८५

ती. दादांस,
विजूचा शि. सा. न. वि. वि.

आले, गेले, आणि तुमच्या घरावरून बस गेली तेव्हा मी मान दुसरीकडे केली. वहिनी दारात होत्या. त्यांनी पाहिलं असेल तर मला क्षमा करायला सांगा.

हे खरं तर कुणालाच लिहू नये. पण दोन दिवसांचं ओझं घेऊन इथल्या खोलीत एकटी बसले आहे, आणि तुमच्याशिवाय कुणाला लिहू? वाचून फाडून टाका.

आधी लोधीखेड्याला गेले. बाग ताणावर सोडलेली, पाणी बंद, म्हणून गजाननला हाताला काम नाही. झाडाखाली खाट टाकून दिली आणि बाकी सगळी माणसं आपणहून दूर गेली. अंजू त्याच्या पाठीवर चढत होती, कानात काहीबाही सांगत होती. मी प्रश्नांची वही काढली. त्यात काही प्रश्न मुद्दाम असे असतात की त्यांना प्रत्येक माणसाचं उत्तर हो असायला हवं: तुम्हाला मुलांचा राग येतो का, कधी घर सोडून जावंसं वाटतं का. सगळ्याला नाही म्हणणारा माणूस काहीतरी लपवतो आहे असं आमचं शास्त्र सांगतं. गजानन मोकळेपणी बोलला. म्हणाला, राग येते, एकदा ताट फेकलं होतं, मंग दोन दिवस स्वतःचीच लाज वाटली. आईचं आणि बायकोचं पटलं नाही तेव्हा आपण गप्प बसलो, हेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पांढुर्णा. उषाच्या भावाचं घर नीटनेटकं, भावजय अगत्याची. दोनदा चहा, पोहे, पाठीला तक्क्या. स्वतः सूप घेऊन तूर निवडत बाजूलाच बसली, काही हवं नको विचारत होती. कोर्टाच्या हुकमाने अंजूला दोन दिवस तिकडे आणलं होतं. पोर दाराच्या चौकटीला धरून उभी, आजी कुठे आहे एवढंच विचारत होती. आणि उषा, दादा, नुसती भिंत. राग येतो का, नाही. थकायला होतं का, नाही. या घरात काही त्रास, नाही. कधी रडू येतं का, नाही. एकूण एक नाही. मी तीन तास डोकं आपटलं.

मला ती खोटी वाटली. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण वहीची बेरीजही तेच सांगते. रिपोर्ट बापाकडे झुकेल. एका बाईच्या हातून तिची मुलगी मी माझ्या पेन्सिलीने काढून घेणार आहे, आणि त्यात मला चूक काही सापडत नाही. म्हणूनच झोप लागत नाही.

वहिनींना माझा नमस्कार सांगा आणि तुमची माया आहे तिथेच राहू द्या.

आपली,
विजू

०

सौंसर,
४ जानेवारी १९८६

चि. विजूस,
वच्छलेचे अनेक आशीर्वाद.

तू पत्र फाडायला लिहिलं होतं. यांनी फाडायला घेतलं, मी हातातून घेतलं आणि दोनदा वाचलं. या घरात माझ्या वाचण्याआधी कागद फाटत नाही हे तुला माहीत आहे. बसमधून तू मान फिरवलेली मी पाहिली. राग आला होता, तो पत्र वाचून गेला.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे, तुझ्या वहीतलं मला समजत नाही. पण सुपातलं समजते. ती भावजय जवळ बसून तूर निवडत होती असं तू लिहिलं. विजू, तीन तासांत किती तूर निवडून होते? आमच्या घरची वर्षाची होते.

तुला त्रेसष्ट साल आठवते का? तू लग्नानंतर इकडे येऊन आठ महिने राहिली होती. एक दिवस मामंजींनी तुला स्वयंपाकघराच्या दारात बसवून विचारलं की पोरी, खरं सांग, तिकडे परत जायचं का, काही त्रास असेल तर बोल. मी तिथेच तांदूळ निवडत होते. तू म्हणाली, काही त्रास नाही, जाते. दुसऱ्या आठवड्यात तुला पोचवलं. पुढे चार वर्षं तू काय भोगलं ते मला सदुसष्टमध्ये तू कायमची निघाली तेव्हा कळलं.

मी तेव्हाच ओळखलं होतं की तू माझ्यापायी तसं बोलली. नणंद किती दिवस राहते याचा मी हिशेब लावत होते आणि ते तुला कळत होतं. मी उठून जायला पाहिजे होतं. मला नवीन लग्नाची लाजही होती, उठली तर वहिनी फुगून गेली म्हणतील अशी भीतीही होती. पण खरं सांगू का, मला ऐकायचं होतं की ही जाणार की राहणार. म्हणून मी तिथून हलले नाही. तेवीस वर्षं झाली, हे मी यांनाही सांगितलं नाही.

तुझ्या उषाबाईचं मला काही माहीत नाही. ती चांगली असेल, वाईट असेल. पण जिच्या घरी भाकर खायची तिच्यासमोर, तुला इथे त्रास आहे का असं विचारल्यावर कोणती बाई हो म्हणेल? तू म्हटलं होतं का?

तिळाचे लाडू पाठवते आहे. या वेळी सगळे थर सारखे आहेत. माझ्यावर जी काही माया उरली असेल ती ठेव.

तुझी,
वहिनी

०

नागपूर,
९ जानेवारी १९८६

ती. सौ. वहिनीस,
विजूचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र इस्पितळाच्या पत्त्यावर आलं आणि मी ते जिन्यात उभी राहून वाचलं. मग त्या दिवशी कुणालाच तपासलं नाही. डोकं दुखतं म्हणून घरी आले.

वहिनी, मला तिकडे त्रास होता. बाबांनी विचारलं तेव्हाही होता. जायचं नव्हतं. तुमचा राग मी केला नाही असं म्हणणार नाही, बरीच वर्षं केला. पुढे तुम्ही प्रत्येक बाळंतपणाला मला बोलावलं, प्रत्येक दिवाळीला साडी पाठवली, तेव्हा वाटलं की यांना काही ठाऊकच नाही, मग रागावून काय करायचं. तुम्हाला ठाऊक होतं हे आज कळलं. रडले, आणि मग हलकं वाटलं. आता हा विषय आपल्या दोघींत संपला.

पण मला स्वतःचा जो राग आला आहे तो संपत नाही. जे माझ्यावरून गेलं तेच मी उषाच्या बाबतीत केलं, आणि वर वही उघडून तिला खोटी ठरवलं. भावजयीला उठा म्हणणं मला उद्धटपणाचं वाटलं, कारण तिने चहा केला होता! आणि बापाला मी त्याच्या स्वतःच्या बागेत, रिकाम्या दिवसांत, एकट्याला विचारलं. एकाची परीक्षा घरी आणि दुसरीची परक्याच्या ओसरीवर, आणि मार्क मात्र एकाच पट्टीने. शिकाऊ पोरींनी असं केलं असतं तर मी त्यांना वर्गाबाहेर काढलं असतं.

कोर्टाला आज तार केली, पत्रही टाकलं. पहिली तपासणी सदोष झाली, दोष माझा, दोघांना पुन्हा बोलवायची परवानगी द्या. आता दोघंही रेस्ट हाऊसला येतील, एकाच खोलीत, एकाच टेबलाशी, दार लावून.

दादांना म्हणावं, तुमच्या घरात मानसशास्त्राची एक बाई आधीपासूनच होती, मला उगाच नागपूरला शिकायला पाठवलंत. लाडू संपले. लोभ मात्र तेवढा पुरवून पुरवून वापरते.

तुमची,
विजू

०

सौंसर,
१४ जानेवारी १९८६

चि. विजूस,
अनेक आशीर्वाद. तिळगूळ घ्यावा.

वच्छलेने तुझं पत्र मला वाचून दाखवलं नाही, डब्यात ठेवलं. दोन दिवस ती गुणगुणत भांडी घासते आहे, तेव्हा चांगलंच असावं. मी काही विचारलं नाही.

एवढंच कळलं की तू पुन्हा तपासणार, दार लावून. त्यावर जुन्या रीडरचं एक बोलणं ऐक. तू दार लावशील, ती बाई मन मोकळं करेल, तू ते लिहिशील. मग तो कागद फाइलला लागेल. फाइलला लागलेल्या कागदाची नक्कल दोन्ही पक्षांना मिळते. मी स्वतः अशा शेकडो नकला दिल्या आहेत. उषाबाईचा खटला तिचा भाऊ चालवतो, वकील त्याने लावला, नक्कल त्याच्याच हातात पडणार. म्हणजे दार लावून बोललेलं तो संध्याकाळी घरी बसून वाचेल, आणि त्याची बायको तूर निवडत ऐकेल.

हे तिला न सांगता तू प्रश्न विचारलेस तर ती फसवणूक होईल. सांगून विचारलेस तर ती पुन्हा भिंत होईल. काय करावं ते मला कळत नाही. मी फक्त कागद सरकवणारा माणूस.

सांभाळून राहा. आमची आठवण ठेव, आणि रेस्ट हाऊसला डबा पाठवू द्यायचा की नाही ते कळव.

तुझा,
दादा

०

नागपूर,
२० फेब्रुवारी १९८६

ती. दादांस,
विजूचा शि. सा. न. वि. वि.

डबा पाठवलात आणि रामाजीला सांगितलंत की कुणाचा ते बोलू नको. त्याने डबा ठेवता ठेवताच सांगितलं. पिठलं उत्तम होतं.

२६ जानेवारीला सकाळी गजानन आला. मी आधीच म्हटलं की इथे बोललेलं गुप्त राहणार नाही, दोन्हीकडे नक्कल जाईल. तो हसला. म्हणे, मले काय लपवाचं हाये, माह्याच घरी येईन न तो कागद. दोन उत्तरं सोडून सगळं पहिल्यासारखंच. त्याला घाई होती, बागेला पाणी सुरू झालंय, लाइट कधी येईल नेम नाही. अंजूचं कोण बघतं विचारलं तर म्हणाला, आजी बघते, आपली भेट रात्री, तीही ती जागी असली तर. मग टोपी हातात फिरवत म्हणाला, पोरगी गेली तर घर खायले उठन. तो चांगला माणूस आहे, दादा. मला त्याच्याविरुद्ध लिहायला एक वाक्य हवं होतं असं नाही.

दुपारी झेंडावंदन आटोपून उषा आली. तिलाही शब्दन् शब्द तेच सांगितलं. तिने विचारलं, माह्या भावालेही वाचाले भेटन का. मी हो म्हटलं. ती खिडकीकडे बघत पंधरा मिनिटं बसली. मग पदर सारखा करून उठली आणि म्हणाली, ताई, मंग एक तारखेनंतर या. बस. दुसरं काही नाही.

मला वाटलं, वेळ काढते आहे. १६ तारखेला पुन्हा रेस्ट हाऊसला गेले तर तिने पत्ता लिहिलेला कागद माझ्यासमोर ठेवला. अंबाबाई म्हणून कुणी आहेत, त्यांच्या घरामागची खोली तिने भाड्याने घेतली होती. भावाचं घर सोडून ती तिथे राहायला गेली होती. म्हणाली, आता विचारा.

एकोणतीस उत्तरं बदलली. राग येतो. थकायला होतं. भावाकडे पोळी खाताना मोजून खावी लागायची. सासर सोडलं तेव्हा वाटलं होतं की मुलीला मागाहून पाठवतील, पाठवलं नाही, आणि त्या दिवशी तिला कडेवर घेऊन निघाले नाही याबद्दल रोज स्वतःला शिव्या देते. आणि मी न विचारता एक सांगितलं. अंजू साडेतीनची असताना पोळ्या लाटता लाटता सासूवरचा राग तिच्यावर निघाला. लाटण्याने मारलं. पोरीचा हात तीन दिवस सुजला होता. हे गजाननलाही माहीत नाही, त्याला पडली म्हणून सांगितलं होतं. मी पुन्हा आठवण दिली की हे कोर्टात वाचलं जाईल. ती म्हणाली, आयकलं मी.

त्याच दिवशी अंजूला तिच्या खोलीवर आणलं होतं, तेही पाहिलं. वेणीवरून दोघी अर्धा तास भांडल्या. शेवटी वेणी पोरीच्या मनासारखी झाली.

रिपोर्ट दिला. बाप प्रेमळ आहे, पण त्याच्या घरी मुलगी आजीजवळ वाढेल. आई स्वतःचे दोष ओळखते, मुलीजवळ दिवसभर असते, मुलगी आईकडे राहावी, सुट्ट्या बापाकडे. पहिली तपासणी का चुकली तेही लिहिलं. लाटण्याचं वाक्यही लिहिलं, तसंच.

आता निकाल. तुमचा आशीर्वाद मला नेहमीच पुरतो, या वेळी थोडा त्या पोरीकडे वळवा.

आपली,
विजू

०

सौंसर,
१२ एप्रिल १९८६

चि. विजूस,
अनेक आशीर्वाद.

काल निकाल लागला. मी छिंदवाड्याला जाऊन मागच्या बाकावर बसलो होतो. तू सांगितलं नव्हतंस, माझ्याच मनाने गेलो. मुलगी बापाकडे राहील. आईला महिन्यातून दोन रविवार.

कारण लिहिण्याआधी मी चष्मा दोनदा पुसला. जज्जसाहेबांनी तुझ्या कामाची तारीफ केली. आई खरं बोलते हे मानलं. पण म्हटलं की भावाचा आसरा सोडून ती भाड्याच्या खोलीत एकटी राहते, घरात पुरुष माणूस नाही, आणि मुलीला मारल्याचं स्वतःच्या तोंडाने कबूल करते. अशा ठिकाणी सहा वर्षांची मुलगी देता येत नाही. गजाननच्या वकिलाने लाटण्याचं वाक्य तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना गजाननने मान खाली घातली. तिचा भाऊ आला नव्हता.

तीस वर्षांत मी कितीतरी निकाल ऐकले. जज्ज वाईट माणूस नाही, त्याला जेवढं दिसलं तेवढं त्याने पाहिलं. पण बाहेर आल्यावर माझ्या मनात आलं की माझी बहीण अठरा वर्षं नागपूरला भाड्याच्या खोलीत एकटी राहते, आणि मी लोकांना ते सांगताना अजून आवाज खाली करतो. आता करणार नाही.

उषाबाई कोर्टाच्या पायरीवर बसली होती. रडत नव्हती. मी ओळख दिली नाही, धीर झाला नाही.

उन्हाळा सुरू झाला, इस्पितळात पाणी पीत जा. तुझ्यावर आमचा सगळ्यांचा जीव आहे हे आज मुद्दाम लिहितो.

तुझा,
दादा

०

नागपूर,
१८ एप्रिल १९८६

ती. दादांस,
विजूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुम्ही मागच्या बाकावर होतात हे वाचून बरं वाटलं, बाकी कशानेच नाही.

माझं डोकं फिरलं आहे. भावाकडे राहिली असती आणि सगळ्याला नाही म्हणत बसली असती तर मी तिला खोटी ठरवलं असतं आणि मुलगी गेली असती. खरं बोलता यावं म्हणून घर सोडलं, तर त्या घर सोडण्यापायी मुलगी गेली. मग तिने करायचं तरी काय होतं? मी पट्टी सरळ केली, दोघांना सारखं मोजलं, आणि ज्याला ते वापरायचं होतं त्याच्याजवळ पट्टीच दुसरी. मी दमले, दादा. पुढच्या वेळी कोर्टाचं पत्र आलं तर रजेवर आहे म्हणून कळवणार.

उषाला मी पत्र लिहिलं. काम संपलं आहे, त्यामुळे लिहायला हरकत नसावी. असली तरी लिहिलं. जबलपूरला हायकोर्टात अपील होऊ शकतं हे तिच्या वकिलाने सांगितलंच असेल. तिथे माझा रिपोर्ट पुन्हा मागितला किंवा नवा करायला सांगितला, तर लाटण्याचं वाक्य मी वेगळ्या तऱ्हेने लिहीन असं तिला कळवलं. म्हणजे, क्वचित प्रसंगी रागावते, एवढंच. मुलांना कोण मारत नाही! माझ्यासमोर जे बसतात त्यातल्या निम्म्यांनी मारलं असेल आणि सांगितलं नसेल. जिने सांगितलं तिलाच शिक्षा, हे मला सहन होत नाही. तुम्ही म्हणाल की हे न्यायाचं नाही. मला ठाऊक आहे. तरी लिहून टाकलं.

वहिनींना म्हणावं, या दिवाळीला साडी नको, मीच येते. राहायलाच येते, घरीच. तोवर आठवण असू द्या.

आपली,
विजू

०

पांढुर्णा,
६ मे १९८६

माननीय विजयमालाताई यांस,
उषाचा सा. न. वि. वि.

तुमचे पत्र मिळाले. उत्तराला उशीर झाला, कारण बालवाडीची सुट्टी लागायची होती आणि पहिल्या रविवारी अंजू येऊन गेली. ती सकाळच्या गाडीने आली. दुपारी दोघी झोपलो. उठल्यावर तिने खोली मोजली, तिची अकरा पावले लांब आणि आठ पावले रुंद भरली. मग जामसावळीच्या देवळात चल म्हणून हट्ट धरला, वेळ नव्हता म्हणून नेले नाही, त्यावरून रुसली. संध्याकाळी तिचे बाबा घ्यायला आले. ते आता माझ्याशी बोलतात. निकाल लागल्यावर बोलायला लागले, आधी नाही.

अपील करणार आहे. वकीलसाहेब म्हणतात की आधी भावाकडे परत जा, दोन महिने तिथे राहून दाखव, म्हणजे काम सोपे होईल. भाऊही आता ये म्हणतो, त्याचा राग उतरला. वहिनी स्वतः येऊन गेली. मी जाणार नाही असे सांगितले. तिकडे गेले की मला पुन्हा सगळ्याला नाही म्हणावे लागेल, आणि या वेळी तर मुलगीही ऐकत असेल.

तुम्ही मला फसवले नाही. आधी सांगितले होते. कोर्टात ते वाक्य तीनदा वाचले तेव्हा मला जमिनीत जावेसे वाटले, पण तुमचा राग आला नाही. तुम्ही मनाला लावून घेतले असे पत्रावरून दिसते, ते घेऊ नका.

आता तुम्ही लिहिले त्याविषयी. ताई, ते वाक्य काढू नका. नरमही करू नका. अंजू मोठी होईल. तिला कधीतरी हे कागद पाहायला मिळतील, तिचे बाबा दाखवतील नाहीतर मीच दाखवीन. त्यात मी तिला मागितले, तिच्यासाठी घर सोडले, कोर्टात गेले, हे सगळे लिहिलेले आहे. पण तिला तिचा हात आठवतो. परवा रविवारी मी पोळ्या लाटायला बसले तर ती उठून दाराशी जाऊन बसली. कागदात ते नसले, किंवा रागावते एवढेच असले, तर तिला वाटेल की बाकीचेही सगळे असेच लिहिले असेल. मग मी तिला मागितले होते हेही ती खरे मानणार नाही.

म्हणून जबलपूरला पाठवाल तेव्हा तसेच पाठवा. मी तिला रविवारी जवळ बोलावून सांगितले, मी मारलं होतं, माझं चुकलं होतं. ती म्हणाली, मले माहीत हाये. मग पोळी भाजायला मागितली, एक जाळली, ती मी खाल्ली.

तुम्हाला वेळ असेल तेव्हा इकडे या, खोली पाहायला. माझ्याविषयी मनात जागा आहे ती राहू द्यावी.

आपली,
उषा